पात्र आधी की कथानक आधी? (पूर्व भागातली एक दीर्घकथा लिहिताना पडलेला प्रश्न)

अक्षरवेल
नमस्कार मंडळी. सध्या एक दीर्घकथा लिहितेय. घडते सोलापुरात, पूर्व भागात. नायिका राजमणी, पद्मशाली (तेलुगू विणकर) घरातली, विड्या वळणारी, चाळिशीची. नवरा यंत्रमागावर. कथेत पुष्कळ घडतं. नवऱ्याचा कारखाना बंद पडतो, मुलगा पुण्याला निघून जातो, सासू अंथरूण धरते, आणि शेवटी गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत मुलगा परत भेटतो. घटना एकीतून दुसरी अशा नीट बसल्या आहेत. पण ज्या दोघींना वाचायला दिली त्यांना घटना आठवतात, राजमणी आठवत नाही. एकीनं तर विचारलं, "ती बाई म्हणजे नक्की कशी गं?"

तुम्ही लिहिता तेव्हा आधी माणूस घडवता की गोष्ट? आणि सरळ स्वभावाच्या, सोसणाऱ्या बाईला वाचकाच्या मनात उभं कसं करायचं? लक्षात राहावी म्हणून तिला मुद्दाम खोडकर किंवा कजाग करायची माझी तयारी नाही. अशा बायका मी रोज बघते. त्यांच्याबद्दलचा आदर कथेत उतरावा, एवढीच धडपड आहे.

साखरपेठ
राजमणीला काय हवंय? तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टी तिच्यावर येऊन आदळतात. तिनं मागितलेलं, लपवलेलं, हट्टानं केलेलं एकही काही दिसत नाही.

बे_पोट्टा
शेंगाचटणी आणि कडक भाकरी कुठल्या पानावर आहे ते आधी सांगा. नसेल तर ही सोलापूरची कथाच नव्हे बे!

नाट्यवेडा
माझं मत कथानकाच्या बाजूनं. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेचा विचार करताना कथानकाला पहिलं स्थान दिलं, स्वभावाला दुसरं. आपल्याकडे नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. नावं जड आहेत, पण जरा थांबून बघा. या पाचही अवस्था कुणाच्या तरी इच्छेच्या आहेत. आरंभात फळाची ओढ लागते. प्रयत्नात माणूस हातपाय हलवतो. प्राप्त्याशेत मिळेलसं वाटतं, आणि त्याच वेळी निसटेल अशी धास्तीही असते. म्हणजे साखरपेठ यांनी एका ओळीत विचारलं तेच. राजमणीच्या कथेत आरंभच झालेला नाही, म्हणून पुढच्या घटना कितीही नीट बसवल्या तरी त्या तिच्या होत नाहीत.

हुतात्मा स्मृती मंदिरात हौशी नाटकं बघत आलोय. पहिल्या अंकात रंगमंचावर कुणालाच काही नको असेल, तर मध्यंतरात चहाला गेलेला प्रेक्षक परत येत नाही.

माळरान
पाच अवस्थांच्या साच्यात घालून काढलेल्या कथा सगळ्या एकसारख्या लागतात. मी सांगोल्याचा. आमच्या भागातली माणसं व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिली, १९४९ साली ती पुस्तकात आली. त्यात बांधीव कथानक शोधत बसलात तर फारसं हाती लागणार नाही, पण माणसं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. माणूस नीट बघितला असेल तर गोष्ट मागून येते.

नाट्यवेडा
माळरान, ती व्यक्तिचित्रं. दहा-बारा पानांत माणूस दाखवून थांबता येतं. अक्षरवेल ताई दीर्घकथा लिहितायत. शंभर पानं वाचकाला धरून ठेवायचं तर पुढे काय होणार याची ओढ लागतेच.

माळरान
पुढे काय होणार ही ओढ कुणाबद्दल? ओळखीच्या माणसाबद्दलच ना? अनोळखी माणसाचा कारखाना बंद पडला ही बातमी झाली. ती आपण सकाळी चहाबरोबर वाचतो आणि विसरतो.

जुनी_गिरणी
मी चादरीच्या कारखान्यात जन्म काढला. जकार्डवर नवी नक्षी लावायची तर आधी ती आलेखाच्या कागदावर उतरवतात, त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं टोचतात, ती ओवून मागावर चढवतात, मग धोटा फिरतो. विणता विणता मोराची मान दुसरीकडे वळवावी असं कुणाला वाटलं तरी वळत नाही, कार्डात असेल तेच उतरतं. चादरीला ते बरोबर आहे. कथेला मात्र असं आधी टोचून घेऊ नका, ताई. तुमची बाई मध्येच भलतीकडे वळली तर वळू द्या.

आणि एक. "नवऱ्याचा कारखाना बंद पडतो" असं एका वाक्यात कारखाना बंद पडत नाही. आधी सूत उशिरा यायला लागतं. मग चारपैकी दोन माग उभे राहतात. मग आठवड्याच्या पगारातली उचल वाढते. मालक येतो तो मागांकडे न बघता ऑफिसात जातो. घरातल्या बाईला हे सगळं नवऱ्यानं न सांगता कळतं, डब्यात भाकरी उरून यायला लागली की. तुमची राजमणी तिथे आहे का, ते बघा.

अक्षरवेल
काका, डब्यातली भाकरी! हे मी घेणार आहे, तुमची परवानगी गृहीत धरून.

हिप्परगा
बे_पोट्टा यांची गंमत सोडून द्या, पण मुद्दा खरा आहे. सोलापूर दाखवायचं म्हणून सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, चटणी, चादर असं सगळं पहिल्या दोन पानांत ओतलेल्या कथा मी वाचल्या आहेत. वाचताना कुणीतरी रिक्षात बसवून शहर दाखवतंय असं वाटतं. जुनी_गिरणी काकांची भाकरी वेगळी आहे, ती काहीतरी सांगून जाते.

संवादांचंही तसंच. पूर्व भागातल्या घरात तेलुगू चालते, शेजारी कन्नड, बाजारात मराठी, रिक्षावाला दखनी बोलतो. म्हणून प्रत्येक वाक्याला "करूलालास", "येऊलालो" लावत गेलात तर वाचक दमतो. मी एक करते: कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं, आणि ती भाषा कधी बदलतं, एवढंच धरते. राजमणी सासूशी तेलुगूत बोलते, "अत्तम्मा" म्हणते. ज्या दिवशी ती सासूला मराठीत उत्तर देईल त्या दिवशी घरात काहीतरी तुटलंय हे वाचकाला सांगावं लागणार नाही.

बे_पोट्टा
हे भारी आहे ताई. आमची आजी रागावली की कन्नडात सुरू व्हायची, आम्ही लगेच अंगणात.

विडीघरकुल
मी वाचतच होते, लिहू की नको असं चाललं होतं. मी कुंभारीच्या घरकुलात वाढले. आई, मावशी, आजी सगळ्या विड्या वळणाऱ्या. आता मी शिक्षिका आहे.

राजमणीला काय हवंय, असं साखरपेठ यांनी विचारलं. माझ्या डोक्यात लगेच कार्ड आलं. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. कारखान्यातून पान आणि तंबाखू मिळते ती कार्डावर. बाई रात्री पान भिजवून ठेवते, सकाळी कात्रीनं कापते, सूप मांडीवर घेऊन वळत बसते, जुड्या बांधते आणि ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या माल घेणाऱ्या शाखेत, जाऊन देते. हिशोब हजाराचा. तिथे तपासणारा बसलेला असतो, तो मनाला न आलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. पान कमी पडलं तर बाई पदरचे पैसे घालून बाजारातून आणते. १९६६ च्या कायद्यानं घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार ठरली, आणि तिला भविष्य निर्वाह निधीही लागू होतो. पण लागू होतो तो कार्डावर नाव असलेल्या बाईला.

आणि आमच्या गल्लीत कितीतरी सुना सासूच्या कार्डावर वळायच्या. सासूचे डोळे गेलेले असतात, बोटं आखडलेली असतात, नवं कार्ड लवकर निघत नाही. मग हात सुनेचे, नाव सासूचं. वर्षानुवर्षं. पुढे सासूला ५८ पुरी होतात आणि फंडाचे पैसे निघतात. कुणाचे ते?

साखरपेठ
विडीघरकुल, अंगावर काटा आला. ताई, तुमची कथा ही आहे!

माळरान
आणि यात कुणी खलनायक नाही. सासूनंही आधी वीस-पंचवीस वर्षं वळल्याच असतील की. तिचाही हक्क आहेच. दोघींचं बरोबर असताना दोघींना एकाच वेळी मिळू शकत नाही, हे दुःख वाचक विसरत नाही.

विडीघरकुल
हो. आणि घरकुल विडी कामगारांसाठी बांधलेलं, म्हणजे घरही कार्डवालीच्या नावावर. राजमणी भांडून बाहेर पडायचं म्हणाली तर जाणार कुठे?

अक्षरवेल
मी आत्ता माझं पान उघडून बसलेय. माझी सासू फक्त आजारी पडण्यापुरती होती. राजमणीला मुलगी आहे, दहावीतली, तिला मी एका वाक्यात उरकलंय. समजा त्या मुलीला नर्सिंगला घालायचंय आणि राजमणीनं त्या फंडावर डोळा ठेवून इतकी वर्षं मान मोडून वळल्या आहेत. "डोळा ठेवून" लिहिताना हात अडखळला, कारण मला ती निर्मळ हवी होती. पण तिला ते पैसे हवेच असणार. का नसावेत?

नाट्यवेडा
हा आरंभ!

भीमाकाठ
इथे ई. एम. फॉर्स्टर आठवतो. १९२७ साली कादंबरीवर त्यानं व्याख्यानं दिली, त्यातला फरक प्रसिद्ध आहे. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली हकिगत. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक. अक्षरवेल ताईंच्या पहिल्या आराखड्यात कारखाना बंद पडला, मग मुलगा गेला, मग सासू पडली असं होतं. आता बघा: कारखाना बंद पडला म्हणून घरात पैशाची ओढ लागली, म्हणून फंडाची आठवण निघाली, म्हणून इतकी वर्षं न बोललेलं बोलावं लागलं. घटना त्याच, पण आता एक काढली तर पुढची कोसळते.

त्यानंच सपाट आणि गोल पात्रांची विभागणी केली. गोल पात्र ओळखायची त्याची कसोटी मला आवडते: ते आपल्याला पटेल अशा रीतीनं चकित करू शकतं का? चकित केलं पण पटलं नाही, तर सपाट पात्र गोल असल्याचं सोंग करतंय. मुलगा गड्ड्यात अचानक भेटतो तेव्हा चकित व्हायला होतं खरं, पण पटत नाही.

कुंभारवेस
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

माझे वडील एका ब्रँचमध्ये माल तपासायचे. विडी कामगारांवरच्या कथेत, नाटकात तपासणारा आला की तो हमखास दुष्ट असतो. सूप ओतून दाखवतो, विड्या चुरगाळतो, बायकांकडे वाकडं बघतो. असे होते, नाकारत नाही. छाट काढून त्याच विड्या पुन्हा मालात घातल्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण माझे वडील रात्री जेवताना गप्प असायचे. खाली बायका ओरडायच्या, वरून कारखानदाराचा माणूस विचारायचा की माल हलका का आला. त्यांची नोकरी या दोन्हींच्या मध्ये. त्यांना एक विलक्षण गोष्ट यायची. विडीचं तोंड कसं दुमडलंय, दोरा किती ओढलाय, यावरून ती कुणाच्या हातची ते सांगायचे. जुडी हातात घेऊन, डोळे मिटून.

विडीघरकुल यांचं वाचल्यावर मनात आलं: सासूच्या कार्डावर येणारा माल सुनेच्या हातचा आहे, हे माझ्या वडलांसारख्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

साखरपेठ
म्हणजे राजमणीच्या कष्टांचा एकमेव साक्षीदार तोच.

कुंभारवेस
हो. आणि तो बोलला तर त्याच्यावरच येणार. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कार्डावर माल चालू दिलास कसा, असं वरचे विचारणार. बरं, गप्प राहण्यात त्याचा मोठेपणाही असेल. तोंड उघडलं असतं तर त्या घराचं काम पहिल्याच वर्षी बंद झालं असतं.

ताई, एक विनंती. त्याला एकाच प्रसंगात का होईना, पण माणूस म्हणून येऊ द्या.

अक्षरवेल
कुंभारवेस दादा, माझ्या कथेत तपासणारा आहे, आणि तुम्ही वर्णन केलात तसाच चुरगाळणारा आहे. तो प्रसंग मी काढत नाही, कारण तसं घडतं. पण तो माणूस तेवढाच राहणार नाही, हा शब्द.

बाळीवेस
थोडं विषयांतर करतो. मी १९३० च्या मार्शल लॉच्या काळावर कादंबरी लिहितोय. अडचण अशी की शेवट सगळ्या सोलापूरला पाठ आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. पुण्याच्या गाडीलाच हुतात्मा एक्सप्रेस म्हणतात. वाचकाला पहिल्या पानापासून सगळं माहीत असेल तर उत्कंठा कुठून आणायची?

भीमाकाठ
जे नोंदलेलं नाही त्यातून. त्या चौघांच्या तोंडी लांब भाषणं घालू नका, ती माणसं खरी होती आणि ते काय बोलले याची मर्यादा पाळली पाहिजे. एक काल्पनिक घर घ्या. मे महिना, शहरात लष्कर, तिरंगा बाळगणं गुन्हा. घरात धान्याच्या कणगीत एक झेंडा आहे आणि तो कुणी ठेवला हे घरातल्या तिघांपैकी एकालाच माहीत आहे. चौघांचं काय झालं ते वाचक जाणतो, या तिघांचं जाणत नाही.

बाळीवेस
कणगीतला झेंडा! धन्यवाद. माझा नायक फार भाषणं करत होता खरा.

हिप्परगा
गड्ड्याचा विषय अर्धवट राहिला. भीमाकाठ म्हणतात ते योगायोगाबद्दल पटतं, पण गड्डा काढून टाकू नका. उलट सिद्धरामेश्वरांच्या ज्या कथेवर ही यात्रा उभी आहे, तीच नीट वाचा. कुंभाराची मुलगी सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरते. ते योगी, लग्न शक्य नाही. ती मागे हटत नाही. ते नकार देत नाहीत आणि व्रतही मोडत नाहीत, तिचं लग्न आपल्या योगदंडाशी लावून देतात. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि दुसऱ्या दिवशी ती होमात स्वतःला अर्पण करते. आजही संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, आपण सगळे अक्षता टाकायला जातो.

बाराव्या शतकातल्या संताची ही कथा अजून धरून ठेवते, कारण तिला काय हवंय ते पहिल्या वाक्यात कळतं. त्याला काय मोडता येणार नाही तेही कळतं. वाट निघते ती दोघांनाही अनपेक्षित, आणि त्या वाटेची किंमत फार मोठी. यातलं एकही काढून बघा.

माळरान
मान्य. इतके दिवस अक्षता टाकतोय, पण असं बघितलं नव्हतं.

बे_पोट्टा
मग मुलाला गड्ड्यात भेटवायचं की नाही? मी मुलासाठी थांबलोय.

जुनी_गिरणी
मुलगा गड्ड्याला येणारच. पुण्याला गेलेलं कुठलं पोरगं संक्रांतीला घरी येत नाही? गर्दीत योगायोगानं कशाला भेटेल, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं नाहीतर एसटीनं सरळ घरी येईल. आणि आजीच्या फंडाचे पैसे निघालेत हे त्याला कुणीतरी फोनवर सांगितलेलं असेल.

विडीघरकुल
काका!! म्हणजे तिसरा वाटेकरी.

अक्षरवेल
मंडळी, कालपासून झोप नाही, पण आनंदानं. पहिला प्रसंग नव्यानं लिहिला. थोडाच भाग टाकते, मोकळेपणानं सांगा.

"तपासणाऱ्यानं जुडी उचलली, अंगठा विड्यांच्या तोंडांवरून फिरवला आणि कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचलं. राजमणीनं नेहमीप्रमाणे मान हलवली. 'म्हातारीचा हात अजून चांगला चालतोय,' तो म्हणाला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. राजमणीनं मोजून बारा छाट विड्या पदरात घेतल्या. पुढच्या महिन्यात म्हातारीला अठ्ठावन्न पुरी होणार होती. हे त्यालाही माहीत होतं, कारण त्यानं कार्ड लगेच परत दिलं नाही."

साखरपेठ
आता मला राजमणी आठवेल. एकही शब्द बोलली नाही तरी.

कुंभारवेस
"कार्ड लगेच परत दिलं नाही" इथे मी थांबलो. घरी वडलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कार्ड हातात धरून ठेवण्याएवढा वेळ रांग देत नाही, बायका ओरडतील. नोंद करायला वहीखाली सरकवलं असं करा.

अक्षरवेल
करते. वडलांना नमस्कार सांगा. आता माझा गुंता शेवटाचा आहे. तपासणारा खरं बोलतो की नाही?

नाट्यवेडा
बोललाच पाहिजे. पहिल्याच प्रसंगात त्याला माहीत असल्याचं दाखवलंत, ते शेवटी कामी आलं नाही तर वाचकाला फसवल्यासारखं होईल.

कुंभारवेस
माझे वडील बोलले नसते. त्यांनी कदाचित राजमणीच्या नावाचं नवं कार्ड निघावं म्हणून कुणाला तरी चार शब्द सांगितले असते, आणि ते घरी कधीच सांगितलं नसतं.

विडीघरकुल
मला वाटतं कुणाला विचारायची वेळच येऊ नये. सासूला सगळं ठाऊक आहे. शेवटचा निर्णय अत्तम्माचा असू द्या. निम्मी कथा तिच्या बाजूनं लिहून बघा.

माळरान
विडीघरकुल यांना माझं मत. पण दोन बाजूंनी लिहिलीत तर राजमणीच्या मनातलं काही वाचकापासून लपवता येणार नाही, तो तोटा आहे.

अक्षरवेल
दोन्ही लिहून बघते. सासूच्या बाजूचं प्रकरण आज रात्री सुरू करते. विडीघरकुल ताई, आखडलेल्या बोटांनी सूप धरता येतं का, आणि वळणं सुटल्यावर आजी दिवसभर काय करायच्या, एवढं सवडीनं कळवाल का?

विडीघरकुल
सूप धरता येतं, कात्री धरता येत नाही. माझी आजी पान भिजवायची आणि दोरा तोडून द्यायची, बसल्या जागी. बाकीचं आईला विचारून उद्या लिहिते.